बेला सेंटरच्या शीटवरचा श्री

आधीच सांगून टाकतो — भुताखेतांच्या गोष्टी लिहिणाऱ्यांबद्दल माझ्या मनात काडीचाही आदर नाही. अमावास्या, पिंपळ, पांढरी साडी, पैंजण... अरे, भुतांना दुसरे कपडे मिळत नाहीत का? फेसबुकच्या या पानावर मी नियमित येतो तो घाबरायला नाही, फुकटची करमणूक म्हणून. मागे एका गृहस्थांनी घाटात बाईकवर मागे कुणीतरी बसल्याचा अनुभव लिहिला होता. त्यांना मी टायरमधली हवा तपासायला सांगितलं. त्यांनी मला ब्लॉक केलं. सत्य पचत नाही लोकांना!

तर मंडळी, आता खुर्च्या पुढे ओढा आणि हसायची तयारी करा. आज पाळी माझी आहे.

आदिलाबादला कापूस मार्केटजवळ, एका रसवंतीच्या वरच्या मजल्यावर माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. पूर्वी क्लास घ्यायचो, म्हणून अख्खं गाव मला मास्तर म्हणतं. प्रसंग भर दुपारचा आहे. मार्च महिना, ऊन मी म्हणत होतं, आणि खाली उसाच्या चरकाचे घुंगरू वाजत होते. ज्यांना पैंजण हवेच असतील त्यांनी त्यावरच भागवावं.

इथल्या एका जिनिंगवाल्या शेठची कापूस खरेदीची सेंटर्स आहेत. बेला, जैनथ, तलमडगू, इंद्रवेल्ली आणि अशीच आसपासची काही गावं. प्रत्येक सेंटरवाल्यानं रोजची खरेदी एक्सेलच्या ठरलेल्या टेम्प्लेटमध्ये भरायची आणि फाईल पाठवायची. पूर्वी या सगळ्या फाईली एकत्र कोण करायचं? शेठचे जुने मुनीम, अप्पा. म्हणजे एकेक फाईल उघडायची, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि दोन बोटांनी आकडे मोठ्या फाईलमध्ये पुन्हा टाईप करायचे. कॉम्प्युटरचा इतका घोर अपमान मी दुसरीकडे पाहिला नाही.

त्याहून मोठा विनोद म्हणजे त्यांचं टेम्प्लेट. नव्या वहीला आपण हळदकुंकू लावतो ना? अप्पांनी ते एक्सेललाही लावलं होतं! शीटची पहिली चौकट हळदीसारखी पिवळी, आणि तिच्यात लाल अक्षरात श्री. मी जाहीरपणे हसलो होतो. त्यावर अप्पा शांतपणे म्हणाले होते, "मास्तर, कोऱ्या पानावर आकडा नसते मांडत."

गेल्या पावसाळ्यात अप्पा वारले आणि ते काम माझ्याकडे आलं. मी कोड लिहिला. फोल्डरमधल्या सगळ्या फाईली तो एकेक करून उघडतो, त्यांच्या शीट्स एकाच वर्कबुकमध्ये आणून लावतो, आणि प्रत्येक शीटच्या पहिल्या चौकटीत जे नाव असेल तेच खालच्या टॅबला देतो. आता त्या चौकटीत सगळीकडे श्री असेल तर नाव काय देणार? म्हणून मी नवं टेम्प्लेट केलं. स्वच्छ, पांढरं, पहिल्या चौकटीत सेंटरचं नाव. अप्पांचा श्री एका क्लिकमध्ये विसर्जित! मला त्या दिवशी जेवण दोन घास जास्तच गेलं.

हंगाम संपत आला तेव्हा शेठनं जाहीर केलं की ज्या सेंटरची खरेदी सगळ्यात कमी, ते बंद. शेठची विचारशक्ती एवढीच. "मास्टर, हमको एकच फाईल चाहिये. जो सबसे नीचे, उसका शटर डाउन." जेवण आटोपून तो माझ्या दुकानी येणार होता.

मी कोड चालवला. बेरजेच्या यादीत, जिथे फाईलचं नाव येतं, बेला सगळ्यात खाली. बेला सेंटर सविताबाई बघते. ती अप्पांच्याच हाताखाली शिकलेली. नवरा अंथरुणाला खिळलेला आणि घर तिच्या पगारावर. वाईट वाटलं, नाही असं नाही. पण आकडा म्हणजे आकडा. मी प्रिंट काढायला गेलो आणि थबकलो.

खाली टॅबवर बेला हे नाव नव्हतंच. तिथे श्री होतं.

शीट उघडली. पहिली चौकट पिवळी. आत लाल अक्षरात श्री.

मला राग आला. वाटलं, बाईनं जुनंच टेम्प्लेट वापरलं, या लोकांना कितीही सांगा! तिनं पाठवलेली मूळ फाईल उघडली. तिथे पांढरी चौकट आणि काळ्या अक्षरात बेला. अगदी माझंच टेम्प्लेट. पुन्हा कोड चालवला... पिवळं. मूळ फाईलमध्ये ते नाव माझ्या हातानं पुसून पुन्हा टाईप केलं. पिवळं. बायकोच्या लॅपटॉपवर, जिथे अप्पांच्या कुठल्याही फाईलची सावलीसुद्धा पडलेली नाही, तिथे चालवून पाहिलं. पिवळं. शेवटी कोडच बदलला — रंग, फॉन्ट काही आणायचं नाही, फक्त मजकूर आण. मंडळी, अशा कोडमधून रंग येऊच शकत नाही. चाळणीतून दगड यावा तसं झालं. लखलखीत पिवळं, आणि बाकीच्या सगळ्या शीट्स कशा धुतल्यासारख्या पांढऱ्या!

मी घाबरलो नाही. मी अपमानित झालो. माझ्या कोडमध्ये एक मेलेला मुनीम ढवळाढवळ करतो म्हणजे काय? चूक शोधायचीच म्हणून मूळ शीट आणि ही शीट शेजारी शेजारी लावून एकेक चौकट पाहायला बसलो. आकडे मी एरवी कधीच पाहत नाही. आकडे पाहायला लागले तर कोड कशाला लिहायचा?

आणि मग दिसलं. बेलाचे काही आकडे चौकटीत उजवीकडे होते, काही डावीकडे चिकटलेले. डावीकडच्या प्रत्येक आकड्यापुढे एक तिरकी रेघ आणि एक आडवी रेघ. आपण चेकवर रकमेपुढे मारतो तशी. एक्सेलच्या लेखी अशी रेघ मारली की तो आकडा राहत नाही, मजकूर होतो, आणि मजकुराची बेरीज होत नाही. सविताबाईची निम्म्याहून जास्त खरेदी बेरजेतच आली नव्हती!

मी तिला फोन लावला. सरळ विचारलं, कापसाच्या वजनापुढे रेघा कशाला मारता, तो काय चेक आहे?

"मग बंद नाई करायचा का आकडा?" ती म्हणाली. "त्या दिवसाचं माप पुरं झालं की मी रेघ मारते. गाडी उभी असंन, माप बाकी असंन, तर उघडा ठेवते. उघड्या आकड्यावर कोनीबी शून्य चढवते, भाऊ. अप्पांनी शिकवलं तसंच करून राह्यली."

म्हणजे जितकं काम चोख, तितका आकडा गायब. अप्पा डोळ्यांनी वाचून टाईप करत होते तोवर या अडाणीपणानं कुणाचं काही बिघडलं नव्हतं. मी तिला चांगलंच सुनावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, "मास्तरभाऊ, सेंटर राहीन ना?"

मी फोन ठेवला. कोडमध्ये त्या रेघा काढायची एक ओळ घातली आणि पुन्हा चालवला. बेला थेट वरच्या सेंटर्समध्ये जाऊन बसलं. टॅबवर नाव बेला. पहिली चौकट पांढरी. श्री कुठेच नाही... जणू कधी नव्हताच.

आता तळाला कोण आलं असेल? तलमडगू. आणि तलमडगू सेंटर कोण बघतं? मधुकर. माझा सख्खा साडू, ज्याला मीच शेठकडे चिकटवला होता आणि जो हंगामभर कडुलिंबाखाली खाट टाकून मोबाईल बघत असे.

शेठ जिना चढत होता, त्याचे जोडे ऐकू येत होते. बेला तळाला असलेली जुनी फाईल अजून उघडीच होती. तिचाच प्रिंट दिला असता तर जगात कुणाला कळलं नसतं. मी नवीन फाईलचा प्रिंट दिला. टाळ्या वाजवू नका, यात प्रामाणिकपणा अजिबात नाही. शेठच्या हातात तो जुना कागद पडल्यावर पहिली चौकट पुन्हा पिवळी झाली तर काय सांगायचं, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता. शेठनं शेवटची ओळ पाहिली, "तलमडगू? अच्छा," म्हणाला आणि खाली जाऊन उसाचा रस प्यायला.

सविताबाई बेला सेंटरवर आहे. मधुकर सध्या आमच्याकडे दोन्ही वेळ जेवायला असतो.

आता तुमच्यातले हुशार सांगतील, व्हायरस असेल, जुनी फाईल मेमरीत अडकली असेल, टक लावून पाहिल्यानं डोळ्यांना भास झाला असेल. सांगा, सांगा. मी तो कोड ओळ न् ओळ वाचलाय. हैदराबादच्या एका सॉफ्टवेअरवाल्या पोरीलाही दाखवला. तिला त्यात काही सापडलं नाही आणि मलाही नाही. अप्पांवर माझा विश्वास तेव्हा नव्हता, आजही नाही. लिंबूमिरचीवाल्यांनी माझ्या दुकानाचा जिना चढू नये.

हे सगळं मी बायकोलाही सांगितलं होतं, अगदी हातवारे करून. ती बहिणीच्या नवऱ्यासाठी भाकऱ्या थापत होती. तिनं वळूनही पाहिलं नाही. एवढंच म्हणाली, "होतं पिवळं तर राहू द्याचं होतं. तुमी त्याच्याकडं पायलंच काऊन?"

मी मधुकरचं ताट वाढायला घेतलं.