इंजिनाच्या तळाचा गाळ

आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. ही वही मुलीची आहे, मागची पानं कोरी होती. तिला मराठी धड वाचता येत नाही, त्यामुळे कुणी वाचेल असं नाही. तरी कुणी वाचलंच तर चुकांसाठी माफ करावं.

इथं दुबईजवळ अजमानला माझ्या नवऱ्याचं गाड्या दुरुस्तीचं छोटं गॅरेज आहे. मी एका मराठी ताईंकडे पोळ्या लाटते. त्यांचा डब्यांचा धंदा आहे, रोज दीडशे डबे दुबईत देरापर्यंत जातात. त्यांना डबे पोचवायला जुनी गाडी हवी होती. ह्यांच्याकडे एक होती, चौदा हजार दिरहमला, म्हणजे आपले सव्वातीन लाख. ताईंनी मला विचारलं, "घेऊ का गं?" मी फार बोलत नाही. एवढंच म्हणाले, "ह्यांनी बघितलीय. चांगली आहे." त्यावर त्यांनी घेतली.

गाडी तीन महिने चालली. मग खडखडायला लागली आणि एक दिवस रस्त्यातच बंद पडली. महिनाभर उन्हात उभी होती, मग ओढून गॅरेजला आणली. तोवर इंजिन पार जाम झालेलं. ह्यांचा मदतनीस गावी गेला होता, म्हणून रविवारी उजेडाची बॅटरी धरायला मी गेले.

ह्यांनी तीन दिवस आधीच प्लग काढून चारही भोकांत डिझेल आणि गिअरचं तेल मिसळून ओतून ठेवलं होतं. मी वाकून बघितलं. तीन भोकांतलं तेल खाली उतरलं होतं, चौथ्यातलं होतं तेवढंच.

"म्हणजे चौथा पिस्टन धरलाय," हे म्हणाले. "आता घाई करायची नाही. जोर लावला की मोडतं."

लांब पान्यावर पाइप चढवून ते इंजिन केसभर पुढं, केसभर मागं करायला बघत होते. हललं नाही. मग इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, उतरवलं. एक बोल्ट काही केल्या सुटेना. त्याला गॅसची ज्योत दिली, हातोडीने हलके ठोके दिले, पुन्हा तेल सोडलं. पाऊण तासाने करकरत सुटला. तो मी हातात घेतला. गंजाने लाल झाला होता. मला नवल वाटलं. इथं पाऊस वर्षातून एखाददोनदा पडतो, गाडीच्या पोटात एवढा गंज कुठून आला?

मग इंजिन उलटं करून तेलाचं चेंबर काढलं. चेंबर म्हणजे तळाशी असतं ते पसरट भांडं. त्याच्या तळाला काळ्या तेलाखाली बोटभर गाळ बसला होता, बारीक, पिठासारखा. आणि वास आला. तो वास मी ओळखला. मोठा पाऊस झाला त्या वर्षी आमच्या इमारतीखाली आठवडाभर गटाराचं पाणी साचलं होतं, त्याचा वास.

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे गाळाकडे बघत होते, पण ह्यांना नवल वाटलेलं नव्हतं.

मी बॅटरी गाळावर धरली.

"अहो, ही गाडी पाण्यात होती?"

हे लाकडाचा ठोकळा शोधायला लागले. तो चौथ्या पिस्टनवर ठेवून ठोकत म्हणाले, "त्या वर्षी सगळ्यांनीच बुडालेल्या गाड्या विकल्या. मी धुतली, तेल बदललं, चालत होती. वाटलं, चालेल."

"मला सांगितलं नाही."

"तुला सांगितलं असतं तर तू ताईंना चांगली आहे म्हणाली असतीस का?"

लग्नाला एकोणीस वर्षं झाली. हा माणूस मला माहीत आहे असं मी सकाळपर्यंत समजत होते.

"आता काय सांगणार त्यांना?"

"ड्रायव्हरने तेल न बघता पळवली म्हणून सांगू. खलास."

ताईंचा ड्रायव्हर साठीला आलेला, पेशावरकडचा. मला बेटी म्हणतो, पोळ्यांचा डबा कधी मला उचलू देत नाही. ताई आधीच म्हणत होत्या, चूक त्याची निघाली तर त्याला परत पाठवून देईन. संध्याकाळी पिस्टन निघाला. मी घरी जाऊन स्वयंपाक केला.

दुसऱ्या दिवशी चाळीस पोळ्या लाटून झाल्यावर मी लाटणं ठेवलं. "ताई, ड्रायव्हरला पाठवू नका. गाडी पुरात बुडलेली होती. ह्यांना माहीत होतं. मला काल कळलं."

ताईंनी भाजीचा गॅस बंद केला. मग म्हणाल्या, "तू एका दमात एवढं बोलतेस? मला वाटायचं तुझ्या वतीने पोळ्याच बोलतात." हसल्या नाहीत. "गाडी मी तुझ्या शब्दावर घेतली होती. नवऱ्याच्या नाही."

"हो."

"मग आता?"

"पैसे देऊ. सगळे."

"लाट आता. डबे थांबणार नाहीत."

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे उठून बाहेर गेले. तिसऱ्या दिवशी त्या गाडीची दारं, गिअरबॉक्स, एसी असं जे चांगलं होतं ते विकून तीन हजार दिरहम आणून माझ्यापुढे ठेवले. राहिले अकरा हजार. दर महिन्याला हे पाचशे देत, माझ्या पगारातले तीनशे ताई ठेवून घेत. ड्रायव्हर भाड्याच्या गाडीवर डबे नेत राहिला. त्याला यातलं काही माहीत नाही.

तेरा महिने असे गेले. आज शेवटचे सहाशे होते. ते हे स्वतः घेऊन आले, वर्षभरात पहिल्यांदाच ताईंच्या दारात उभे राहिले. ताईंनी नोटा मोजल्या, डब्यात टाकल्या आणि म्हणाल्या, "झाले पूर्ण."