सिंफनीत ‘वा, बुवा’ कोण म्हणालं?

आधीच सांगून टाकते, मी या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव चहा पिता पिता हसत वाचणाऱ्यांतली आहे. घाटातली बाई, लिफ्ट मागणारा म्हातारा... नवऱ्याला, म्हणजे समीरला, मोठ्याने वाचून दाखवते आणि दोघं मिळून खिल्ली उडवतो. माझं कामही तसलंच, सॉफ्टवेअर टेस्टिंग. जो बग पुन्हा करून दाखवता येत नाही तो बगच नाही, असं मी ऑफिसात दिवसभर लोकांना सुनावत असते. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. पण समीर म्हणाला, लिहून टाक, आत कुढत बसू नकोस.

आम्ही न्यू जर्सीत पिस्कॅटवेला राहतो. टाउनहाउस आहे, नवीन असतानाच घेतलेलं, म्हणजे आमच्याआधी तिथे कोणी राहिलेलंसुद्धा नाही. मागच्या वर्षी माझे बाबा नागपूरहून सहा महिन्यांसाठी आले. आई जाऊन बरीच वर्षं झाली आणि मी एकुलती एक. बाबा बँकेतून रिटायर झालेले आणि गाणं ऐकण्याचे पक्के वेडे. मैफलीत ते कुठे बसलेत हे बघावं लागायचं नाही. चांगली जागा आली की आधी जिभेचा ‘च्’, मग खालच्या आवाजात लांबवलेलं ‘वाऽ, बुवा’. समोर बाई गात असली तरी ‘बुवा’च. लहानपणी मला याची हसून हसून पुरेवाट व्हायची.

इथे ते दिवसभर घरात एकटे. शनिवारी मी त्यांना घेऊन एडिसनला ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानांत जायची. दुकानातल्या गर्दीचा त्यांना वैताग, म्हणून ते गाडीतच बसून रेडिओ ऐकायचे. एकदा मी मेथी-गवार घेऊन परत आले तर म्हणाले, “दार हळू लाव गं.” रेडिओवर एक सिंफनी चालू होती. ती संपेपर्यंत आम्ही पार्किंगमध्ये बसून राहिलो, मागे जागेसाठी थांबलेला माणूस हॉर्न वाजवत होता तरी. बाबा म्हणाले, “लग्नाच्या बँडमधलं क्लॅरिनेट ते हेच ना? मग आपल्याकडे त्याला असं कुणी का वाजवू देत नाही?”

झालं. त्या दिवसापासून तीच सिंफनी. लायब्ररीतून तिच्या सीडी आणल्या, वेगवेगळ्या ऑर्केस्ट्रांच्या. दुसऱ्या भागात, जिथे सगळं संथ होतं, त्याला ते ‘यांचा विलंबित’ म्हणायचे. त्यात क्लॅरिनेट एकटंच वर जातं आणि खाली येता येता मध्येच थबकतं, आणि मग सगळी व्हायोलिनं त्याला झेलून घेतात. त्या जागेला बाबांची दाद हमखास. शंभर माणसांच्या ऑर्केस्ट्राला ‘वाऽ, बुवा’.

मग जवळच्याच एका हॉलमध्ये तीच सिंफनी होणार असं कळलं आणि मी तिकिटं काढली. बाबांना इतका आनंद झालेला मी आई गेल्यापासून पाहिला नव्हता. फक्त एक अडचण होती... मी त्यांना समजावून सांगितलं की बाबा, इथे मध्ये बोलायचं नसतं. टाळ्याही शेवटीच.

“म्हणजे आवडलं तरी सांगायचं नाही?”

“नाही.”

“मग त्या बिचाऱ्यांना कळणार कसं?”

मी म्हटलं, त्यांना कळतं, तुम्ही काळजी करू नका. पण बाबांना स्वतःचा भरवसा नव्हता. म्हणून आम्ही घरी चक्क प्रॅक्टिस सुरू केली. सोफ्यावर ताठ बसायचं, सीडी लावायची, आणि त्या जागेला बाबा ‘वाऽ’ म्हणाले रे म्हणाले की मी ओठावर बोट ठेवून “बाबा, शू” म्हणायचं. समीर स्वयंपाकघरातून म्हणायचा, “काका आउट.” मग बाबांनीच युक्ती काढली, तोंडात लवंग धरून बसायची. तरी लवंगेच्या बाजूने ‘वाऽ’ यायचंच. आम्ही तिघंही हसायचो. खरंच खूप मजेचे दिवस होते ते.

कॉन्सर्टच्या आधीच्या आठवड्यात बाबा गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. सगळं इथेच करावं लागलं. अस्थी घेऊन आम्ही दोघं नागपूरला गेलो, रामटेकला विसर्जन केलं. कॉन्सर्ट तेव्हाच कधीतरी होऊन गेला. तिकिटांची मला आठवणसुद्धा राहिली नव्हती.

परत आल्यावर ऑर्केस्ट्राची ईमेल आलेली दिसली. तिकीट काढलेल्यांना त्या कॉन्सर्टचं रेकॉर्डिंग काही दिवस ऑनलाइन ऐकता येणार होतं, त्याची लिंक. मी ती डिलीटच करणार होते. पण एका शनिवारी दुपारी, लख्ख ऊन होतं, वाटलं, बाबांना जे ऐकायचं होतं ते निदान आपण ऐकू. स्पीकर जोडला आणि सोफ्यावर बसले. समीर आत कोथिंबीर निवडत होता.

पहिला भाग झाला. दुसरा सुरू झाला. क्लॅरिनेट वर गेलं, खाली येता येता थबकलं...

‘च्.’ आणि मग, “वाऽ, बुवा.”

स्पीकरमधून आलं, व्हायोलिनांच्या बरोबर. पुसट वगैरे काही नाही, शेजारी बसलेला माणूस बोलावा इतकं स्पष्ट. आणि मी काय केलं असेल? दचकले नाही, रडले नाही, उठलेही नाही. इतक्या वेळा केलेली प्रॅक्टिस... माझं बोट आपोआप ओठावर गेलं आणि मी म्हणाले, “बाबा, शू.”

आतून समीरने विचारलं, “कोण आलंय?”

तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपण काय ऐकलं आणि काय बोललो. मी ते मागे नेऊन पुन्हा लावलं. क्लॅरिनेट, व्हायोलिनं, बाकी काही नाही. पुन्हा लावलं. समीर हात न धुताच येऊन उभा राहिला. त्याने आतून पुरुषाचा आवाज ऐकला होता, शब्द कळले नव्हते, पण कोणीतरी बोललं याबद्दल त्याला आजही शंका नाही. आधी म्हणाला, “ऑडियन्समध्ये कोणी देशी असेल यार.” मग पुन्हा लावल्यावर तोच म्हणाला, “मग आता तो देशी कुठे गेला?”

मी ऑर्केस्ट्राच्या ऑफिसला फोनही केला. बाबांचं नाव न काढता विचारलं, त्या दिवशी मध्येच कोणी बोललं होतं का. बाई फार गोड बोलली. म्हणाली, नाही, प्रेक्षक अगदी शांत होते, आणि आमचे माइक स्टेजच्या वर असतात, खुर्च्यांमधलं सहसा येत नाही. ती लिंक बंद होईपर्यंत मी रोज ऐकत होते. समीरने फोनवर उतरवून ठेवलंय, तेही ऐकते. त्या जागेला श्वास रोखून बसते. घरात कोणी नसलं की म्हणते, बाबा, बोला ना, इथे कोणी ओरडणार नाही. स्पीकरवर फक्त व्हायोलिनं वाजत राहतात.

समीर म्हणतो, दुःखात माणसाला भास होतात. असतील. मग त्याला काय ऐकू आलं? यावर तो फोन काढून तीच जागा पुन्हा लावतो. आणि खरं सांगू का, मला याचं उत्तर नकोच आहे. मला फक्त माझं बोलणं परत घ्यायचंय. ते कसं आलं याचा विचार मी करत नाही, मी त्यांना गप्प केलं याचाच करते. लहानपणी मी म्हणेन तो फ्रॉक आणायचे, मी म्हणाले अमेरिकेला जाते तर एकटे राहिले, मी म्हणाले या तर आले. बाबांनी माझा शब्द कधी मोडला नाही.

तेव्हाही नाही मोडला.