क्लाउडवरचे चेहरे

आमच्या सईनं घरातले पंचवीस वर्षांचे फोटो सरसकट क्लाउडवर चढवले. "आता हरवायची भीती नाही, बाबा," ती म्हणाली. माझ्या मनात मात्र शंका, तिकडे ते कोण बघत असेल? दुसऱ्या दिवशी उघडलं, तर त्या यंत्रानं न विचारताच चेहरे ओळखून प्रत्येकाचा वेगळा गठ्ठा केलेला. सईच्या गठ्ठ्यात पहिलाच फोटो तिच्या थोरल्या बहिणीचा होता, आणि त्याच्यापुढे सईचे, तान्हेपणापासून आजपर्यंतचे; यंत्राला दोघी एकच वाटल्या होत्या. ती नऊच दिवस जगली. आम्ही कुणालाच न दाखवलेला तो फोटो कुणीतरी निरखून पाहिला होता. संतापून मी तो तिथून काढून टाकायला निघालो, तेव्हा बायकोनं हात धरला.

"राहू दे," ती म्हणाली. "तिथं तरी ती मोठी झालीय."