दोरा बांधलेला कप

वत्सलाताई गेल्या त्याला दीड महिना झाला. निरोप द्यायला कोणाला यावं लागलं नाही. आमच्या मधल्या भिंतीपलीकडचा खोकला त्या सकाळी ऐकू आला नाही, तेव्हाच माझ्या हातातलं काम थांबलं...

मी साताऱ्याकडची, चौथीतच शाळा सुटलेली. नवऱ्याच्या कचेरीतल्या नोकरीपायी विदर्भात आर्वीला आले. इथली बोली कळायची नाही, बाजारात जायची भीती वाटायची. शेजारच्या वत्सलाताई मुलींच्या शाळेत शिकवायच्या, एकट्याच राहायच्या. त्यांनी मला रोज संध्याकाळी पुस्तक घेऊन बसवलं. आज हे चार शब्द लिहिते आहे, ते त्यांच्यामुळे. माझी मुलगी तर त्यांच्याच मांडीवर बसायला शिकली.

मग ताईंना खोकला लागला. आधी म्हटलं, खडूची धूळ असेल. रुमालावर रक्त दिसलं आणि साऱ्या आळीने क्षय ठरवून टाकला. त्यांचा चहा मीच करायची. त्यांचा कप आमच्यात मिसळू नये म्हणून मी त्याच्या कानाला लाल दोरा बांधला, आणि मुलीला उंबऱ्याबाहेरच धरू लागले. ताईंनी दोरा पाहिला. रागावल्या नाहीत.

"तुले भेव वाटते, मले कळते वं," म्हणाल्या. "पोरीले दुरूनच दाखवत जाजो."

नागपूरला त्यांच्या मानेतली गाठ काढून तपासली. क्षय नव्हताच, फुप्फुसाचा कॅन्सर होता. सोबत गेलेल्या माझ्या नवऱ्याला डॉक्टरांनी समजावलं, की खोकला तसाच, रक्त तसंच, अंग झडणंही तसंच. पण हा एकाचा दुसऱ्याला लागत नाही. बिडी ओढणाऱ्यांना जास्त होतो, पण जन्मात न ओढलेल्यांनाही होतो.

परत आल्या त्या दिवशी ताई म्हणाल्या, "आता त लागत नाई न? आण तिले."

मी हो म्हटलं... आणि आठ दिवस नेलं नाही. डॉक्टर चुकले असतील तर, एवढंच मनात यायचं. नवव्या दिवशी नेलं तेव्हा त्यांना उठवत नव्हतं. मी मुलीला त्यांच्या कुशीत ठेवलं. त्यांनी हात उचलला. वाटलं, जवळ घेतील. त्यांनी पदर तोंडावर ओढला आणि मान भिंतीकडे वळवली.

तो कप आता माझ्याकडे आहे. दोरा चहाने काळपट झाला आहे. नवरा म्हणतो, सोड तो आता. माझ्याने सुटत नाही. मुलीला मात्र तोच कप लागतो, दोरा ओढत ती त्यातूनच दूध मागते. मी देते... आणि तिचं पिऊन होईपर्यंत त्या भिंतीकडे बघत नाही.