हॅनाताई आणि माझं ‘चालेल’

माझ्या एका शब्दामुळे हॅनाताईंचं काम गेलं.

शब्द होता ‘चालेल’.

आज त्यांना जाऊन एक वर्ष झालं. वर्षभर लोक मला सांगतायत, "बाई हुशार होती, पण फार हेकट."

हेकट नव्हत्या. बरोबर होत्या.
फरक कळत नसेल तर पुढे वाचा. कळत असेल तरी वाचा.

ताई शिप सर्व्हेयर होत्या. मुंबईत वाढलेल्या, बेने इस्रायली, लग्नानंतर कायमच्या लंडनच्या स्टॅनमोरला. घरात मुलं-नातवंडं इंग्लिशच बोलायची, त्यामुळे मराठीची सगळी हौस त्या ऑफिसात माझ्यावर भागवून घ्यायच्या.

साठी उलटल्यावरसुद्धा जुन्या जहाजाच्या टाकीत गुडघ्यांवर रांगत जायच्या. आधी हातोडीनं पत्रा वाजवायच्या, मग यंत्र लावून जाडी मोजायच्या. मी मागे टॉर्च धरून आकडे लिहायचे आणि मनातल्या मनात माझ्या कंबरेला शिव्या द्यायचे.

आमच्या वॉटफर्डच्या ऑफिसकडे उत्तरेकडच्या एका देशाच्या कोस्ट गार्डचं काम आलं होतं. देशाचं नाव लिहीत नाही, तशी सही करून बसलेय. त्यांची बर्फ फोडणारी जहाजं म्हातारी झाली होती, गस्तीचीही. नवी बांधायची की जुन्यांनाच ठिगळं लावायची, ते आमच्या रिपोर्टवर ठरणार होतं.

आम्ही सगळ्यात जुनं आइसब्रेकर तपासलं. पत्रा जिथे बर्फाला भिडतो, नेमका तिथेच झिजला होता. ताई बाहेर आल्या, हात पुसले, आणि थर्मासमधला चहा न पिताच माझे आकडे पुन्हा तपासले. ताईंचा चहा राहिला म्हणजे गोष्ट गंभीर.

दोन दिवसांनी आमच्या मॅनेजरचा फोन आला. तोही माझ्यासारखा पुण्याचाच. मिल्टन कीन्सहून ड्राइव्ह करत होता, दर राउंडअबाउटला आवाज तुटत होता.

"अनघा, क्लायंटला त्या जुन्या आइसब्रेकरचे अजून तीन विंटर्स हवेत. ताईंना विचारून कन्फर्म करतेस?"

"चालेल," मी म्हणाले.

म्हणजे, विचारते.

त्यानं ऐकलं, जहाज चालेल.

मॅनेजर इंग्रज असता तर ही चूक झालीच नसती. दोन मराठी माणसांना वाटलं, आपण एकमेकांना नीट समजलो, तिथेच घोटाळा झाला. सोमवारी ड्राफ्टमध्ये छापून आलं: सर्व्हे टीमच्या मते जहाज आणखी तीन हिवाळे वापरता येईल. ड्राफ्ट क्लायंटकडे पोचलासुद्धा होता.

ताईंनी तो कागद माझ्यापुढे धरला.

"हे कोण म्हणालं?"

"ताई, मी फक्त चालेल म्हटलं."

आता माझी चंपी होणार असं वाटलं. पण त्या खुर्ची ओढून शेजारी बसल्या.

"आमचे पूर्वज कोकणात कसे आले, ठाऊक आहे? नवगावजवळ जहाज फुटलं. सात पुरुष, सात बायका वाचल्या, बाकीच्यांना तिथेच पुरलं. निघताना बंदरावर कुणीतरी नक्की म्हणालं असणार, चालेल."

मला हसू आलं. त्यांना नाही आलं.

"त्या बोटीवर माणसं आहेत, अनघा. चूक तुझी आहे. क्लायंटच्या मीटिंगमध्ये तूच बोलायचं."

मॅनेजरनं मध्ये तोंड घातलं. "आता फिरवलं तर आपलंच हसं होईल. वर्डिंग जरा सॉफ्ट करू ना. वापरता येईल, पण लक्ष ठेवून."

"लक्ष ठेवून म्हणजे काय?" ताई म्हणाल्या. "पाणी आत येताना बघत बसायचं?"

व्हिडिओ मीटिंगमध्ये मी बोलले. सांगितलं, तो होकार माझ्या शब्दातून झालेला गैरसमज आहे, आमचं उत्तर ‘नाही’ आहे. मग स्क्रीनच्या कोपऱ्यातून त्या जहाजाचा चीफ इंजिनिअर म्हणाला, "शेवटी कुणीतरी बोललं."

नव्या आइसब्रेकर्सचा निर्णय झाला.

आणि ताईंचं काँट्रॅक्ट रिन्यू झालं नाही. कारण काय, तर क्लायंटशी बोलायची पद्धत! बोलले मी, पण काढलं त्यांना. मी हाताखालची ज्युनिअर, मला कोण विचारतो? मला ‘नाही’ म्हणायला त्यांनीच शिकवलं, ते सगळ्यांना माहीत होतं.

मॅनेजरनं कॉलवर सांगितलं तेव्हा मी शेजारीच होते. ताई म्हणाल्या, "चालेल."

त्यांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. मी रडायलाच लागले.

"अगं, माझ्यापुरतं आहे ना? स्वतःपुरतं चालवून घ्यावं माणसानं. दुसऱ्याच्या जिवावर चालेल म्हणू नये." मग पिशवी भरता भरता, "हातोडी तुझ्या ड्रॉवरमध्ये ठेवतेय. घरी नेऊन काय नारळ फोडू?"

पुढे आजार आला. त्याच्यापुढे मात्र कुणाचंच ‘नाही’ चाललं नाही.

गेल्या आठवड्यात नव्या आइसब्रेकरसाठी पहिला पत्रा कापला. फोटो आला. सगळे हसत उभे. ताई, तुमचं नाव कुठेच नाही, म्हणून इथे लिहितेय.

क्लायंटच्या त्याच ईमेलमध्ये फोटोखाली पुढची ओळ होती. गस्तीची जहाजं तूर्तास बदलायला नकोत, अजून काही वर्षं ‘मॅनेज’ करू, तसा रिपोर्ट द्यावा.

ती जहाजं मी स्वतः रांगून तपासलीत. हातोडी तुमचीच होती.

आज सकाळी रिपोर्ट पाठवला. पहिलं वाक्य एका शब्दाचं आहे. नाही.

लगेच मॅनेजरचा फोन आला. "अनघा, तू फार हेकट होत चाललीयेस."

मी थँक यू म्हटलं.

माझंही काँट्रॅक्ट मार्चमध्ये संपतंय. बघू.

ताई, श्रद्धांजली वाहताना आवाज मऊ करायचा असतो म्हणे. माझा आज चढलेलाच आहे.

तुम्हाला चालेल.