गोदीला दिसायला लागलं आणि झिपरूच्या पोटात दुखायला

बायकोला दिसायला लागलं म्हणून कुणाच्या पोटात दुखतं का? झिपरूच्या दुखत होतं. सिद्धगडाच्या पायथ्याच्या त्या वाडीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त झिपरूला वाटायचं की कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

मोतीबिंदूनं गोदीचे दोन्ही डोळे गेले, तेव्हापासून झिपरू पुढं, गोदी मागं आणि मधे एक काठी, अशी दोघं चालायची. तो "दगड" म्हणाला की ती पाय उचलायची, "उतार" म्हणाला की पाय रोवायची. तिला एकटं सोडायचं नाही म्हणून त्यानं वीटभट्टीवर जाणं बंद केलं आणि गावातच मिळेल ती मजुरी धरली. नदीवर न्यायचा, लग्नाला न्यायचा, नवरीनं कसलं लुगडं नेसलंय तेही सांगायचा. थोडं तिखटमीठ लावून सांगायचा, पण सांगायचा. बायका आपापल्या नवऱ्यांना म्हणायच्या, त्या झिपरूकडं बघा जरा. असं कानावर आलं की त्याची मान ताठ व्हायची. खोटं कशाला बोला, त्या ताठ मानेवरच गडी जगत होता.

मग आली स्नेहल. शेजारच्या शहापूर तालुक्यातली पोर, डोळे तपासायचं शिक्षण घेतलेली. वाडीवाडीतून मोतीबिंदूची माणसं शोधायची आणि जीपमध्ये बसवून फुकट ऑपरेशनला न्यायची. तिनं गोदीलाही नेलं. झिपरूही गेला बरोबर. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी सोडली तेव्हा तो तिथं नव्हता, आणि गोदीला पहिलं तोंड दिसलं ते स्नेहलचं. घरी आल्यावर गोदी भेटेल त्याला तेच सांगत सुटली. पोरीचं तोंड कसं हसरं, नाकात चमकी कशी लुकलुकते! दुसऱ्या खेपेला दुसरा डोळाही झाला, तरी चमकीचं कौतुक काही सरेना. ती चमकी झिपरूला काट्यासारखी सलायला लागली.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण स्नेहलनं गोदीलाच शिकवायला घेतलं. बाहेरच्या माणसानं ऑपरेशनचं नाव काढलं की लोक रानात पळायचे, म्हणून ऑपरेशन झालेली वाडीतलीच बाई तिला हवी होती. बॅटरी मारून बुबुळात पांढरं दिसतंय का बघायचं, लांब उभं राहून बोटं दाखवायची, किती ते विचारायचं. गोदी भराभर शिकली. सकाळी भाकऱ्या थापायची, बॅटरी गळ्यात अडकवायची आणि चालली स्नेहलबरोबर! झिपरू उंबऱ्यात बसून पाठमोऱ्या दोघींकडं बघत राहायचा. एवढं हसायला झालंय काय यांना? जेवतानाही हिचं स्नेहल असं म्हणाली, स्नेहल तसं म्हणाली. एकदा वाटेत तो सवयीनं "दगड" म्हणाला, तर ती म्हणाली, दिसतोय मला. साधंच बोलली बिचारी, पण त्याला त्या दिवशी घास गोड लागला नाही.

तेव्हा त्यानं डोकं चालवलं. डोकं कसलं, कप्पाळ! दुसऱ्या दिवसापासून तो चाचपडायला लागला. तांब्या लवंडला, दारावर आपटला, बांध सोडून सरळ भाताच्या चिखलात शिरला. आता तरी ती घरी बसेल, आपल्यासाठी काठी धरेल, एवढंच त्याचं गणित.

गोदीनं आरडाओरडा केला नाही. त्याला अंगणात बसवला, डोळ्यांत बॅटरी मारली, मागं सरकून बोटं वर केली. किती? दिसत नाय, तो म्हणाला. ती जवळ आली. आता? नाय गो, दिसत नाय. तिनं हात खाली घेतला.

"आंधळं माणूस बोलणाऱ्याकडं कान करतं," ती म्हणाली. "तू माझ्या तोंडाकडं बघतोस. मी भोगलंय रे ते, मला शिकवतोस?"

चोरी पकडली गेल्यावर माणूस गप्प तरी बसतो. झिपरू उलटा भडकला. त्या पोरीनं तुला पळवली, म्हणाला. मी एवढं तुला फिरवलं, सांभाळलं, आणि दिसायला लागल्यावर पहिलं तोंड बघितलंस ते तिचं.

"पट्टी सोडली तवा तू कुठं होतास?"

मग हळूहळू सांगितलं त्यानं. हॉस्पिटलच्या मागं बिडी ओढत बसला होता. गोदीनं त्याला शेवटचं बघितलं तेव्हा त्याचे केस काळे होते, दात सगळे होते. आता तोंडाचं बोळकं झालेलं. ते बघून तिला काय वाटेल, या भीतीनं तो पळाला होता.

गोदी त्याच्यासमोर खाली बसली.

"डॉक्टर म्हणाले, उघडा डोळे. मी नाय उघडले. तुला हाका मारत बसले. बाकीचे लोक खोळंबले, तवा ती पोर म्हणाली, मावशी, आता उघडा. तवा उघडले."

झिपरूला तिच्याकडं बघवेना. इतके दिवस तो ज्या जागेसाठी त्या पोरीवर जळत होता, ती जागा गोदीनं डोळे मिटून त्याच्यासाठीच धरून ठेवली होती.