मातीवाल्या ताई

रस्त्याच्या कामावर मातीच्या ढिगाला कुणी दोरी बांधलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. मुळशीत रुंदीकरण सुरू झालं तेव्हा ताईंनी भातखाचरांवरची कसदार माती वेगळी काढायला लावली, ढीग गवताने झाकला आणि भोवती दोरी ओढली. डंपर जरा जवळ आला तरी म्हणायच्या, "लांबनं जा, दादा. ही परत शेतात जायाचीय."

माती-पाण्याच्या देखरेखीसाठी कंत्राटदाराने त्यांना नेमलं होतं. मी साइट इंजिनिअर, हुद्द्याने मोठा. पण डंपरवाले ऐकायचे त्यांचं. गावातल्या बायका त्यांना भाकरी खायला बोलवायच्या, मला फक्त "ओ साहेब, धूळ लई उडतीया." ताई शेजारच्याच गावच्या, म्हणून हे लाड, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

एकदा सगळ्यांसमोर त्या म्हणाल्या, "सर, डिझेलचे ड्रम झऱ्याच्या वरच्या अंगाला ठेवलेत. आजच हलवायला हवेत."

ड्रम मीच तिथे ठेवायला लावले होते. त्यांचं म्हणणं बरोबर आहे, हे मला तेव्हाही कळत होतं. "बघू उद्या," म्हणालो आणि चार दिवस बघितलं नाही. एकट्याला सांगितलं असतं, तर कदाचित हलवलेही असते.

पाचव्या दिवशी सकाळी एक ड्रम कलंडला. मी पोचलो तेव्हा ताई चरात गुडघाभर उभ्या होत्या. उताराला आडवा चर खणून त्यांनी डिझेल अडवलं होतं आणि भिजलेली माती ताडपत्रीवर काढत होत्या. हंडा घेऊन आलेल्या सखुबाईंना सांगत होत्या, "मावशी, तपासणी होईस्तोवर हितलं पानी न्यायचं न्हाई. टँकर येतोय."

दुपारी मोठ्या साहेबांनी विचारलं, "ड्रम तिथे कुणी ठेवले?"

"सरांनी," ताई म्हणाल्या. "मी सांगितलं होतं, पण लेखी दिलं नाही. ती माझी चूक."

मला बोलणी बसली. त्याचं फारसं वाटलं नाही. पण स्वतःची चूक त्यांनी इतक्या सहज कबूल केली, ते मला आजही जमत नाही. आणि राग मात्र मी त्यांच्यावर धरला.

झऱ्याचं पाणी चांगलं निघालं. माती खाचरांत परत गेली आणि ताईंची दुसऱ्या कामावर बदली झाली. निरोपाला अर्धा गाव रस्त्यावर आला. मी केबिनमध्ये कागद चाळत बसलो.

त्यांचं काम माझ्याकडे आलं. दुसऱ्याच दिवशी सखुबाई दारात.

"ताई कवा येनार?"

"आता नाही येणार."

"मंग पान्याचं कुनाला सांगायचं?"

"मला सांगा."

त्यांनी मला नीट न्याहाळलं. "बरं," म्हणाल्या, "ताईंचा नंबर तेवढा द्या."

मी दिला. सकाळपासून दोनदा मीही तोच लावला होता.